आकसण्यापुरती जागा

शनिवारी सहानंतर उद्यमनगरात लेथ थांबतात.
दिलावर शिकलगारच्या पॅटर्न शॉपमध्ये
सागवानी भुसा झाडून टेबल मोकळं होतं.
चौघं आम्ही. एक नकाशा, चार पेन्सिली,
आणि दिलावरनं स्वतः ओतलेला वीस बाजूंचा पितळी फासा,
जो जरा तिरका आहे, सातावर जास्त पडतो.
आम्ही ते धरूनच खेळतो.

या वेळचं जग मी एका जुन्या कादंबरीतनं उचललंय.
बिंदू चौकाजवळ रद्दीत मिळाली, वीस रुपयांना.
कव्हर नाही, पहिली अकरा पानं नाहीत,
म्हणून लेखक कोण, ते मला माहीत नाही.
तिच्यात विझत्या सूर्याखालचे लोक आहेत.
डोळे नाहीत, तळहातांनी ऊब वाचतात.
कुणी खोटं बोललं की त्याच्या कानामागं गार पडतं,
ते त्यांना तीन हातांवरनं कळतं.
मेलेल्याजवळ तो पुरता निवेपर्यंत बसतात
आणि मगच त्याचं नाव घेतात.

आता हे कागदावर कसं उतरवायचं?
ताकद नऊ. चपळाई बारा.
निवेपर्यंत बसण्याला किती?

दिलावर म्हणाला, "भावा, लाकडाचा साचा
मापापेक्षा थोडा मोठाच करायचा असतोय.
ओतलेलं निवताना आकसतंय.
बिडाला वेगळी सूट, पितळेला वेगळी.
तुझ्या पुस्तकाला किती सोडायची, ते आधी ठरीव."

मी पृथ्वीवरनं आलेला नायक काढून टाकला,
जो तिसऱ्या प्रकरणात त्यांना आग पेटवायला शिकवतो.
ऊब वाचणाऱ्यांना, आग!
एक ओळ मात्र तशीच राहिली: ही माणसं भित्री आणि इमानी.
धैर्य वजा दोन. निष्ठा अधिक तीन.

"सगळीच्या सगळी?" बाहुबली चौगुलेनं विचारलं.
"अख्खा ग्रह, आणि स्वभाव एक?
मी कोल्हापूरचा म्हटलं की पुण्याचा पाहुणा
पहिल्यांदा तांबड्या रश्श्याचं विचारतोय.
आमच्या घरात कांदा येत नाही रे, सात पिढ्या."
हसलो. वजा दोन खोडलं. कागद जरा मळला.

मग राहिला वरचा रकाना.
इंग्रजी नियमपुस्तकात तिथं एक आखूड शब्द असतो.
मी मराठीत लिहिलं होतं: जात.
सहज. दोन अक्षरं, चौकटीत बसतात म्हणून.

वैजयंती ऐवळेनं पेन्सिल खाली ठेवली.
"हा रकाना मी लै वेळा भरलाय," म्हणाली.
"शाळेत, होस्टेलात, बँकेत. शनिवारी तरी नको."
आवाज चढवला नाही.
बाहेर कुणीतरी पत्र्याचं शटर ओढलं,
ते पूर्ण खाली येईपर्यंत आम्ही ऐकत होतो.

जमात लिहिलं, खोडलं.
वंश लिहिलं, तर मागोमाग दिवा आला.
खोडरबरानं शेवटी कागदालाच भोक पडलं.
"राहू दे भोक," ती म्हणाली. "मी हाच कागद घेते."

साडेआठला लाईट गेली.
कुणी मोबाईल काढला नाही.
शेजारच्या फौंड्रीतनं दुपारी आलेलं एक हाऊसिंग
कोपऱ्यात होतं, वाळू झाडलेलं, अजून कोमट.
वैजयंती उठली, म्हणजे तिची ती, डोळे नसलेली,
आधी त्या लोखंडापाशी थांबली, मग आमच्यातनं फिरली,
तळहात पुढं करून, कुणालाच न शिवता.
बाहुबलीच्या कपाळासमोर जरा,
दिलावरच्या भाजलेल्या मनगटावर जरा जास्त.
माझ्या कानामागं येऊन हात थांबला.

"पुस्तक तू वीस रुपयांना घेतलेलं नाहीस."

नव्हतंच.
त्या अकरा पानांपैकी तिसऱ्या पानावर
वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का होता.
पहिल्यावर लेखकाचं नाव.
फाडताना दोन्ही नीट वाचली होती.

अंधारात दिलावरनं फासा टाकला,
बोटांनी चाचपला.
"सात," म्हणाला.
कुणी खात्री केली नाही.